दार बंद असताना

बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. त्यांची बरीचशी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर झाली. त्यामुळे आमच्या घरात पाण्याचे शब्द वेगळे होते. पाळी, आवर्तन, चारी, टेल, पाझर. पाऊस चांगला झाला का, असं कुणी विचारलं की बाबा धरणात किती साठा झाला ते सांगायचे, आणि त्यातला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या, शेतापर्यंत किती पोचेल तेही.

ते निवृत्त होऊन पुण्याला माझ्याकडे राहायला आले तेव्हा माझ्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. मी रात्री साडेनऊला घरी यायचे, हाताला सॉल्व्हंटचा वास असायचा. एकदा ताट वाढून घेताना त्यांनी विचारलं, "तू दिवसभर नक्की बनवतेस तरी काय?"

मी सांगायला बसले, तर तास गेला.

एमआरआयचं यंत्र शरीरातल्या पाण्याकडे बघतं, इथून सुरुवात केली. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनची दोन केंद्रकं असतात आणि प्रत्येक केंद्रक म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक. मोठ्या चुंबकात माणसाला झोपवलं की त्यांतले किंचित जास्त चुंबक एका दिशेने कलतात. रेडिओलहरींचा धक्का दिला की ते विस्कटतात, आणि मग हळूहळू पुन्हा जागेवर येतात. जागेवर यायला लागणारा वेळ मेंदूत वेगळा, चरबीत वेगळा, गाठीत वेगळा. या वेळांच्या फरकातूनच चित्र तयार होतं. पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली अशा तऱ्हेने काढलेलं पहिलं चित्र छापलं, ते पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं होतं. इतकं साधं चित्र, पण मला ते अजूनही फार देखणं वाटतं.

बाटलीतल्या साध्या पाण्याला जागेवर यायला तीन-चार सेकंद लागतात. त्यात लिटरमागे एक मिलिमोल, म्हणजे चिमूटभर, गॅडोलिनियमचं संयुग टाकलं की तेच काम पाव सेकंदाच्या आत होतं. गॅडोलिनियम हा आवर्तसारणीतला चौसष्टावा. त्याच्या तिहेरी धन आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना, एकेकटे असतात आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून. म्हणून तो बळकट चुंबक. पण मोकळा आयन विषारी. आकाराने तो जवळजवळ कॅल्शियमएवढाच, त्यामुळे शरीरात कॅल्शियमच्या जागा बळकावतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या मिठीत बंद करून मगच शिरेत सोडतात. अशा संयुगांपैकी पहिलं १९८८ साली बाजारात आलं. 'कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय काढायला सांगितलाय' असं आपण म्हणतो, तो कॉन्ट्रास्ट म्हणजे हे.

"म्हणजे रंग टाकून पाणी कुठे जातंय ते बघायचं," बाबा म्हणाले.

त्यांनी माझं काम सोपं केलं होतं. नेहमीचा कॉन्ट्रास्ट तेवढंच सांगतो, मी कुठे आहे ते. तिथे काय चाललंय ते तो सांगत नाही. त्याच्या शेजारी एन्झाइम काम करत असो, कॅल्शियम वाढो, जस्त सुटो, तो सगळीकडे सारख्याच आवाजात बोलतो. मला असा रेणू बनवायचा होता जो एरवी गप्प बसेल आणि ठरावीक रासायनिक घटना घडली की तेवढ्यापुरता बोलेल.

मग मी पंगतीचं उदाहरण दिलं. गॅडोलिनियमभोवती नऊ पाट मांडलेले आहेत. डोटा नावाचा कडं घातलेला रेणू त्यातले आठ अडवतो. चार पाटांवर त्याचे नायट्रोजन बसतात, चारांवर ऑक्सिजन. नववा पाट पाण्यासाठी. पण पाणी तिथे जेवायला बसत नाही, टेकतं आणि उठतं. सेकंदाला लाखो रेणू त्या एका पाटावर येऊन जातात आणि प्रत्येक जण चुंबकाचा स्पर्श घेऊन बाकीच्या पाण्यात मिसळतो. म्हणून एक गॅडोलिनियम एवढ्या पाण्याला हलवू शकतो. आता त्या नवव्या पाटावर कुणी आडवं बसलं तर पाणी आत येणार नाही. आणि घटना घडल्यावर ते आडवं बसलेलं उठलं, तर येईल.

बाबांनी भाताचा घास हातात तसाच धरला होता. मग विचारलं, "दार बंद असताना किती झिरपतं?"

तोवर माझ्या सादरीकरणाला आलेल्या कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे विचारायचे, संदेश किती वाढतो? टक्केवारी किती? कालव्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला उघड्या दाराचं कौतुक नव्हतं. दार उघडलं की पाणी जाणारच. प्रश्न बंद दाराचा असतो. पाझर किती ते ठाऊक नसेल तर चारीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या पाटात, आलेलं पाणी ठरलेल्या पाळीचं की गळतीचं, हे सांगणार कसं?

खरं उत्तर होतं, जवळजवळ निम्मं. नववा पाट पूर्ण झाकला तरी बाहेरून, पंगतीच्या मागून ये-जा करणाऱ्या पाण्यालाही चुंबकाचा स्पर्श होतच असतो. छोट्या संयुगांत हा बाहेरचा वाटा एकूण परिणामाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. म्हणजे मी जगातला सगळ्यात चोख दरवाजा बनवला तरी माझा रेणू बंद असताना अर्ध्या आवाजात बोलत राहणार आणि उघडल्यावर फार तर दुप्पट. त्या रात्रीपासून या विषयाकडे बघण्याची माझी दिशा बदलली.

या कल्पनेचा पाया घातला तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे, कॅलटेकमध्ये. भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांची एक जुनी अडचण होती. एखादं जनुक कुठे चालू आहे ते पाहायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम खूण म्हणून वापरतात. ते जिथे असेल तिथे विशिष्ट रसायन टाकलं की निळा रंग येतो. पण निळा रंग पाहायचा तर भ्रूण मारून, स्थिर करून पाहावा लागतो. वाढ पाहण्यासाठी वाढणाऱ्यालाच थांबवायचं. थॉमस मीड, स्कॉट फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली गॅडोलिनियमच्या मोकळ्या पाटावर साखरेचा एक रेणू, गॅलॅक्टोज, झाकणासारखा बसवला. एन्झाइम आलं की ते साखर कापतं, झाकण निघतं, पाणी आत येतं. २००० साली त्यांनी याचीच सुधारित आवृत्ती आफ्रिकी बेडकाच्या जिवंत भ्रूणात वापरली. दोन पेशींच्या अवस्थेत दोन्हींत प्रोब, म्हणजे हा शोध घेणारा रेणू, सोडला, पण एन्झाइम बनवण्याचा जनुकीय निरोप एकीतच. पुढे वाढलेल्या भ्रूणाच्या चित्रात त्या पेशीच्या वंशातला भाग उजळलेला दिसला. बेडूक जिवंत होता.

त्या सुधारित आवृत्तीतली सुधारणा मला पहिल्या कल्पनेइतकीच मोलाची वाटते. पहिल्या रेणूत साखर एका लवचीक दुव्यावर होती, त्यामुळे झाकण हलायचं आणि फटीतून पाणी आत जायचं. त्यांनी दुव्यावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच एक मिथाइल गट वाढवला. दुवा ताठ झाला, झाकण नीट बसलं. म्हणजे तिथेही मेहनत घेतली गेली ती पाझर कमी करण्यावर.

याच गटाने १९९९ साली कॅल्शियमसाठी केलेला रेणू मी प्रबंधात किती वेळा रेखाटला असेल याला गणती नाही. रॉजर त्सियन यांनी १९८० साली कॅल्शियम पकडण्यासाठी 'बाप्टा' नावाचा चिमटा बनवला होता. कॅल्शियमच्या चमकणाऱ्या रंगद्रव्यांची सगळी पुढची पिढी त्याच चिमट्यावर उभी आहे. मीड यांच्या गटाने त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गॅडोलिनियम जोडला. कॅल्शियम नसताना चिमट्याचे हात गॅडोलिनियमच्या पाटांवर पडलेले. कॅल्शियम आलं की हात तिकडे वळतात, पाट मोकळे होतात. पाण्याला हलवण्याची ताकद ३.२६ वरून ५.७६ वर गेली. ज्या ३.२६ वरून सुरुवात झाली तो पाझर. बाबांना हे आकडे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "गळकं दार आहे, पण प्रामाणिक आहे."

एवढा खटाटोप का, तर प्रकाश मेंदूत खोल जात नाही. चमकणारी रंगद्रव्यं पेशीतल्या कॅल्शियमची हालचाल फार सुंदर दाखवतात, पण कवटी उघडून, पृष्ठभागापासून थोड्याच अंतरापर्यंत. चुंबकीय क्षेत्राला कवटी आड येत नाही.

माझा रेणूही याच घराण्यातला होता. तो करताना जे हातांनी केलं ते इथे लिहावंसं वाटतं, कारण शोधनिबंधात त्याची दोन ओळींत बोळवण होते. बारा अणूंचं, चार नायट्रोजनचं सायक्लेन नावाचं कडं घ्यायचं. त्याला तीन हात जोडायचे, चौथा मोकळा ठेवायचा, आणि नेमका तीनच जोडलेला पदार्थ दोन आणि चारवाल्यांपासून वेगळा करायचा. सिलिकाच्या कॉलमवर दिवसच्या दिवस जातात. मग चिमटा, मग हातांवरची संरक्षक टोपणं आम्लाने काढणं. इथपर्यंत एनएमआर, म्हणजे केंद्रकांच्या चुंबकत्वावरून रेणूची रचना शिखरांच्या आलेखात दाखवणारं तंत्र, तुमच्या सोबतीला असतो. (अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या शिखरांत दिसतात, हे १९५१ साली दाखवणाऱ्या तिघांत एस. एस. धर्माधिकारी नव्हेत, धर्मट्टी होते. हा घोळ माझे विद्यार्थी दरवर्षी घालतात. त्याच धर्मट्टींनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं. आपल्या हाताशी असलेली ही परंपरा मुलांनी ओळखावी असं मला मनापासून वाटतं.)

पण शेवटच्या पायरीला गॅडोलिनियम आत गेला की एनएमआर आंधळा होतो. ज्या चुंबकासाठी सगळा अट्टहास, तोच स्वतःच्या रेणूची शिखरं पसरून पुसून टाकतो. मग हातात उरतो वस्तुमानाचा आलेख. गॅडोलिनियमच्या समस्थानिकांचा शिखरांचा जुडगा एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही. आणि मोकळा आयन शिल्लक नाही ना, हे बघायला झायलेनॉल ऑरेंजची चाचणी. पिवळा राहिला तर ठीक, जांभळा झाला तर पुन्हा शुद्धीकरण. तो पिवळा रंग पिवळाच राहावा म्हणून मी किती संध्याकाळी श्वास धरून उभी राहिले आहे.

शुद्ध पाण्यात माझा रेणू उत्तम चालला. पाण्याला जागेवर यायला लागणारा वेळ मोजणारा रिलॅक्सोमीटर सदतीस अंशांवर ठेवून कॅल्शियम थेंबाथेंबाने वाढवत गेले आणि आलेख वर चढत गेला. दाराच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. मी घरी फोन करून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रयोग रक्तद्रवात केला. आलेख आडवा. कॅल्शियम कितीही टाका, रेणू गप्प.

कारण सापडायला चार महिने लागले, आणि ते सापडलं शेजाऱ्यांकडून. गॅडोलिनियमच्या आवर्तसारणीतल्या एका हाताला युरोपियम, दुसऱ्या हाताला टर्बियम. आकार आणि वागणं जवळजवळ सारखं, पण हे दोघे प्रकाश देतात. युरोपियम तांबडा, टर्बियम हिरवा. पाटावर पाणी बसलेलं असेल तर त्याची कंपनं हा प्रकाश लवकर विझवतात. साध्या पाण्यात आणि जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनच्या पाण्यात, प्रकाश किती वेळ टिकतो हे मोजून वजाबाकी केली की पाटावर पाण्याचे किती रेणू आहेत ते निघतं. मी गॅडोलिनियमच्या जागी टर्बियम घालून जुळा रेणू बनवला. कॅल्शियमसह साध्या द्रावणात उत्तर आलं, जवळजवळ दोन. मग रक्तात असतो तेवढा, लिटरमागे पंचवीस मिलिमोल, बायकार्बोनेट घातला. उत्तर शून्याकडे गेलं.

माझ्या रचनेत दार उघडलं की शेजारशेजारचे दोन पाट मोकळे व्हायचे. मला वाटलं होतं, एकापेक्षा दोन बरे, दुप्पट पाणी येईल. पण कार्बोनेटला दोन पाटांवर मांडी ठोकून बसता येतं, आणि तो पाण्यासारखा लगेच उठत नाही. दार उघडत होतं, अगदी ठरल्यासारखं. आत मात्र भलताच पाहुणा येऊन बसत होता. हा धोका इतरांनी आधी नोंदवलेला होता. मी वाचलाही होता. वाचलेलं आणि स्वतःच्या आडव्या आलेखातून कळलेलं यांत फार अंतर असतं.

त्या काळात मला सगळ्यात आधार दिला तो रक्तानेच. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, आणि ऑक्सिजन सोडलेलं ओढलं जातं. लोहाचे चार एकाकी इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आल्यावर जोडीने बसतात. १९९० साली सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हाच फरक एमआरआयमध्ये टिपला आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते पाहण्याची वाट उघडली. आपण ज्या रेणूसाठी झगडतो तो प्रत्येकाच्या अंगात वाहतो आहे, आणि ऑक्सिजन धरला की पाझर जवळजवळ शून्य. कुणी बनवलेला नाही, म्हणून तो फक्त ऑक्सिजनची बातमी देतो, आपल्याला हवी ती नाही. पण हे शक्य आहे, याचा तो पुरावा आहे.

दुसरा धडा डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या प्रोबकडून मिळाला. एमआयटीतल्या ॲलन जॅसनॉफ यांच्या गटाने कॅलटेकच्या फ्रान्सिस अर्नॉल्ड यांच्या साथीने जिवाणूचं एक लोहयुक्त प्रथिन घेतलं. ते मुळात मेदाम्लं पकडणारं. त्याच्यात बदल करत, चांगले निघालेले पिढ्यानपिढ्या निवडत, ते डोपामाइन धरायला शिकवलं. २०१० साली ते छापून आलं, २०१४ साली त्यानेच उंदराच्या मेंदूतलं डोपामाइन कुठे किती सुटतं त्याचा नकाशा काढला. यात गंमत अशी की डोपामाइन येऊन लोहाजवळच्या पाण्याच्या जागी बसतं, म्हणजे घटना घडली की संदेश कमी होतो. दार बंद होणं हीच बातमी. मी इतकी वर्षं उघडणाऱ्या दारांचा विचार करत होते, आणि इथे कुणीतरी बंद होणाऱ्या दारावर कान ठेवला होता.

आणि एक वाट अशी की ज्यात पाटाला हातच लावायचा नाही. डॅलसमधल्या डीन शेरी यांच्या गटाचा जस्ताचा प्रोब तसा आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन जस्ताबरोबर बांधून साठवतात, सहा इन्सुलिनच्या गठ्ठ्यात दोन जस्त. इन्सुलिन सुटलं की जस्तही बाहेर पडतं. हा प्रोब जस्त पकडतो, आणि जस्त धरलेला प्रोब रक्तातल्या अल्ब्युमिन या अवजड प्रथिनाला चिकटतो. छोटा रेणू भिरभिर गिरक्या घेत असतो. मोठ्याला चिकटला की गिरक्या मंदावतात, आणि मंद गिरक्या घेणारा गॅडोलिनियम पाण्याला कितीतरी जोरात हलवतो. २०११ साली त्यांनी उंदरांना साखर टोचली आणि स्वादुपिंड उजळताना पाहिलं. बाबांना वीस वर्षांपासून शुगर आहे. हा निबंध मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले होते.

अडचणी अजून उभ्याच आहेत. एखादी जागा उजळली तर तिथे दारं उघडली की नुसताच प्रोब जास्त साचला, हे एका चित्रावरून ठरत नाही. काही जणांनी त्याला किरणोत्सारी खूणही जोडली, म्हणजे एक यंत्र प्रोब मोजेल आणि दुसरं त्याचं बोलणं. पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्या दहा हजारांश असतं, आणि आमचे बहुतेक रेणू आत शिरतच नाहीत. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न आहेच. मूत्रपिंडं निकामी असलेल्या रुग्णांत कातडी दगडासारखी घट्ट होण्याचा आजार दिसत होता, त्याचा संबंध २००६ साली गॅडोलिनियमच्या काही संयुगांशी लागला. ज्यांची मिठी सैल होती, सरळ साखळीची होती, ती दोषी ठरली. कड्यातली संयुगं कितीतरी घट्ट. म्हणून आता आम्हाला एकाच रेणूकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. पाट सहज मोकळा व्हावा, पण कडं कधीच उघडू नये. मला वाटतं, ज्याने ही दुसरी अट मनापासून मानली नाही, त्याने पहिलीच्या मागे लागू नये.

मी आता शिकवते. माझी एक विद्यार्थिनी एकाच पाटाचा रेणू करते आहे, कार्बोनेटला मांडी ठोकायला जागाच नाही असा. तिला मी पहिल्या दिवशी सांगितलं, आधी बंद दार मोज. पाण्यात, रक्तद्रवात, फॉस्फेटमध्ये. उघडायचं नंतर बघू.

गेल्या पावसाळ्यात बाबांना चक्कर आली म्हणून मेंदूचा एमआरआय करायचा ठरला, कॉन्ट्रास्ट देऊन. शुगरमुळे आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, तो बरा होता. संमतीपत्रावर संयुगाचं नाव पाहिलं, कड्यातलं होतं. मी बाहेर बाकावर बसले. आतून यंत्राचे ठोके ऐकू येत होते. त्यांच्या शिरांतून आता तो नऊ पाटांचा रेणू फिरत असेल, सगळीकडे एकाच आवाजात बोलत. दीडेक तासात निम्मा मूत्रपिंडातून बाहेर पडेल.

बाहेर आले तेव्हा हाताच्या कोपरात कापसाचा बोळा दाबलेला होता. चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "मला टोचलं त्याला दार असतं?"

"नाही बाबा. त्याचा पाट मोकळाच असतो, कायम."

"मग तुझं काम अजून व्हायचंय," म्हणाले, आणि लिफ्टकडे न जाता जिन्याने उतरायला लागले.